कुलपाला किराया पडत नाही

दिवाळीच्या अंकात किरायाच्या खोल्यांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. फराळाच्या ताटात कारले वाढल्यासारखे त्यांना वाटेल. पण वाचकहो, दिवाळीला घरी आलेली मुले रात्री ओसरीवर बसून काय बोलतात, ते एकदा कान देऊन ऐका. आमच्या पिढीतली मुले प्राध्यापकांच्या नकला करीत, वसतिगृहातल्या खानावळीला नावे ठेवीत. आजची मुले बोलतात ती खोलीविषयी. गोंदियात केवढ्याला मिळाली, नागपुरात डिपॉझिट किती मागितले, विजेचे युनिट मालक कोणत्या दराने लावतो, दलालाने किती कापले. ज्या वयात ग्रंथांवर आणि गाण्यांवर भांडावे, त्या वयात आमची लेकरे किरायावर भांडत आहेत.

पुण्या-मुंबईकडे याला भाडे म्हणतात. आम्ही वैनगंगाकाठचे लोक किराया म्हणतो. हा शब्द हिंदीतून आला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावे. दुभाषी जिल्ह्यात शब्दाला पासपोर्ट लागत नाही. माणसाला मात्र लागतो, आणि त्याविषयी पुढे बोलायचेच आहे.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी आमच्या गल्लीतून एक फेरी मारली. सतरा दारे मोजली. त्यांतल्या सहा दारांपुढे पणती नव्हती, कारण सहा दारांना कुलूप होते. त्यांतली दोन जुनी कवेलूची घरे, बाकीची चार पक्क्या स्लॅबची, रंग दिलेली, फरशी घातलेली. मालक कोणी भिलाईला, कोणी नागपूरला, कोणी जबलपूरला. एकीकडे शहरात आमची मुले एका खोलीत तिघे-चौघे कोंबली जातात, दुसरीकडे गावात चार-चार खोल्यांची घरे उंदरांच्या हवाली आहेत. आणि या दोन्हींचे मालक पुष्कळदा एकाच जातीचे, एकाच कुळाचे, एकाच घरचे असतात. प्रस्तुत लेखाचा रोख या विसंगतीवर आहे. किराया वाढला म्हणून आपण सरकारला बोल लावतो, घरमालकाला शिव्या देतो. मी म्हणतो, आधी आपल्या कमरेची किल्ली चाचपून पाहा.

धानाच्या मापाने

रुपयात मोजले तर माणूस फसतो. म्हणून मी आमच्या मुलखाचे माप घेतो, ते म्हणजे धान.

१९९१ साली मी एम.ए.साठी नागपूरला गेलो, तेव्हा आम्ही तिघांनी मिळून एक खोली घेतली होती. महिन्याला दीडशे रुपये. पुढे न्हाणी, मागे विहीर. त्या वर्षी, म्हणजे १९९१-९२ च्या हंगामात, साध्या धानाचा सरकारी हमीभाव क्विंटलला २३० रुपये होता. वर्षाचा किराया अठराशे, माझ्या वाट्याला सहाशे. सहाशेला २३० ने भागा. अडीच क्विंटलांहून थोडे अधिक धान विकले की वडिलांच्या डोक्यावरचा माझ्या खोलीचा भार उतरत असे.

२०२५ च्या जूनमध्ये माझ्या शाळेतून बारावी झालेल्या एका मुलासोबत मी त्याच नागपुरात खोली शोधायला गेलो. शहराच्या टोकाला, तिसऱ्या माळ्यावर, एक खोली. दोघांनी राहायचे. महिन्याला साडेपाच हजार, वीज वेगळी. वर्षाचे सहासष्ट हजार, एकाच्या वाट्याला तेहतीस हजार. २०२५-२६ च्या हंगामाचा साध्या धानाचा हमीभाव २,३६९ रुपये. आता भागाकार करा. जवळजवळ चौदा क्विंटल!

म्हणजे चौतीस वर्षांत धानाचा भाव दसपट झाला आणि आमच्या मुलाच्या डोक्यामागचा किराया पंचावन्नपट. धानात मोजला तर हा भार पाचपटीहून अधिक वाढला. कोरडवाहू बांधीत एकरी पंधरा क्विंटल हाती लागले तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. तात्पर्य, एका मुलाला शहरात नुसते झोपायला जागा मिळावी म्हणून बापाने अख्खा एक एकर नांगरायचा, रोवायचा, कापायचा. त्याची फी, त्याचे जेवण, त्याची पुस्तके ही पुढच्या एकराची गोष्ट.

आता या ओझ्याची सरकारदरबारी दखल काय? महागाई मोजण्याचा जो ग्राहक किंमत निर्देशांक आहे, त्याची २०१२ हे आधारवर्ष धरलेली मालिका वर्षानुवर्षे चालली. तिच्यात शहरी निर्देशांकात घराला शेकडा २१.६७ इतके वजन होते. ग्रामीण निर्देशांकात घरभाडे हा घटकच नव्हता. खेड्यातला माणूस स्वतःच्या घरात राहतो, त्याला किराया कुठला, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नव्हता, अपुरा होता. खेड्यातला माणूस स्वतःच्या घरात राहतो हे खरे, पण त्याचे लेकरू शहरात किरायाने राहते आणि तो किराया खेड्यातल्या धानातून जातो. बापाची महागाई मोजणाऱ्या कागदात ही रक्कम कुठेच दिसत नाही. ती दिसते ती सावकाराच्या वहीत.

घरमालकाची बाजू

घरमालक म्हणजे राक्षस, हे आपल्याला सिनेमाने शिकवले. मी तसे मानीत नाही. गोंदियात दोन खोल्या किरायाने देऊन त्यावर औषधपाणी भागवणाऱ्या विधवा माझ्या माहितीत आहेत. त्या दोनशे रुपयांनी किराया वाढवतात, तेव्हा कुणाची लूट करीत नसतात. शहर वाढते तसा किराया वाढणारच. गोंदियाला २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, विद्यार्थी आले, डॉक्टर आले, रुग्णांचे नातेवाईक आले, आणि खोल्या महागल्या. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहत होते, तेव्हा बाहेरून आलेल्या माणसांनी गोठ्यांच्या खोल्या झालेल्याही आम्ही पाहिल्या. नागपुरात मिहान झाले, एम्स झाले, २०१९ पासून मेट्रो धावू लागली. जिथे रूळ जातो तिथे किराया आधी पोचतो. यात नवल नाही.

नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. मागणी वाढली की माल बाजारात यावा, हा व्यवहार. किरायाच्या बाजारात मात्र मागणी वाढते आणि माल कुलपात जातो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या वर घरे रिकामी आढळली. त्याच जनगणनेप्रमाणे शहरांतली शेकडा २७.५ कुटुंबे किरायाने राहत होती. त्यानंतर जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तेव्हा नवे आकडे येतील. ते कमी झालेले असतील, असे बेसा-बेलतरोडीच्या बाजूला रात्री आठ वाजता अंधाऱ्या खिडक्या पाहिलेल्या माणसाला तरी वाटत नाही.

हे का होते? गणित साधे आहे. समजा तीस लाखांचा फ्लॅट आहे आणि तो महिना नऊ हजारांनी दिला. वर्षाला एक लाख आठ हजार, म्हणजे शेकडा ३.६०. त्यातून घरपट्टी, दुरुस्ती, सोसायटीची वर्गणी वजा करा. बँकेतली ठेव याहून बरी. मग मालक म्हणतो, किरायाची कटकट कशाला? भाव वाढेल तेव्हा विकू. अशा रीतीने घर हे राहण्याची जागा न राहता तिजोरीतली सोन्याची लगड होते, आणि लगडीत कोणी बिऱ्हाड ठेवीत नसते.

हे मी कुणा धनवंताविषयी बोलत नाही, वाचकहो. मी माझ्याविषयी बोलतो आहे.

२०१४ साली भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून आणि वर कर्ज घेऊन मी बेसा भागात दोन खोल्या व स्वयंपाकघर असा फ्लॅट घेतला. मुलगी मोठी झाली की शिकायला तिथे राहील, हा विचार. मुलगी तेव्हा दुसरीत होती. सात वर्षे त्या फ्लॅटला कुलूप होते. वर्षातून दोनदा जाऊन मी जाळी झाडत असे आणि सोसायटीची वर्गणी भरत असे. याच काळात, २०१९ मध्ये, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा नागपूरला शिकायला गेला. मानेवाड्याला तो तिघांत एक खोली करून राहिला. काकाचा फ्लॅट हाकेच्या अंतरावर बंद! मी त्याला किल्ली दिली नाही. मुले घर खराब करतात, भिंतींना खिळे ठोकतात, मित्र जमवतात, असे मी स्वतःला सांगितले. दादा कधी एक शब्द बोलला नाही. तो शेती करतो आणि कमी बोलतो. २०२० च्या दिवाळीत वहिनी चकल्या तळता तळता सहज बोलल्यासारखे बोलल्या, "भाऊजी, एक बरं हाय. कुलपाले किराया पडत नाही."

तीस वर्षे मी व्याकरण शिकवतो. पण एका वाक्यात इतके कर्म मी कुठे पाहिले नव्हते.

भीतीचे मूळ

कुलूप लावणाऱ्याच्या मनात लोभ असतो, तशी भीतीही असते. किरायादार घर बळकावील ही ती भीती. तिचे मूळ इतिहासात आहे, आणि तो इतिहास आमच्या जिल्ह्याचाही आहे.

इंग्रजी अमदानीत बालाघाट जिल्हा नागपूर विभागात होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट, भंडारा आणि नागपूर एकाच राज्यात नांदले. घरे किरायाने देण्याविषयी त्या राज्याने १९४६ साली कायदा केला आणि १९४९ साली किराया नियंत्रणाचा आदेश काढला. या आदेशाचे कलम १३ प्रसिद्ध आहे. किरायादाराला नुसती नोटीस द्यायची तरी मालकाला आधी नियंत्रकाची परवानगी लागे, दिवाणी दावा त्यानंतर. युद्धानंतरची टंचाई होती, गरीब बिऱ्हाडाला आधार हवा होता, हेतू चांगलाच होता. पण आजोबाने दावा लावावा आणि नातवाने निकाल ऐकावा, अशी गत झाली. आमचा जिल्हा मध्य प्रदेशात गेल्यावर इथे १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा आला. विदर्भात मात्र तो १९४९ चा आदेश, महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला अमलात येईपर्यंत चालू राहिला. तिकडे मुंबईत किराया १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवला होता. ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले, आणि मग १९९९ च्या कायद्यात दरसाल शेकडा ४ वाढीची मुभा आली.

या पन्नास वर्षांत महाल-इतवारीच्या वाड्यांच्या ज्या कहाण्या झाल्या, त्या आमच्या खेड्यांत पोचल्या. कायदा मात्र पोचला नाही! १९६१ चा आमचा कायदा प्रथम अनुसूचीत दिलेल्या भागांतच लागू झाला. इतरत्र लागू करायचा तर सरकारने अधिसूचना काढायची, अशी त्यातच तरतूद आहे. शहरी कायद्याची भीती खेड्यात आली, संरक्षण शहरातच राहिले.

दुसरी भीती बारा वर्षांची. "बारा वर्षे राहिला की घर त्याचे," हे वाक्य मी पारावर, बसमध्ये, शिक्षकांच्या खोलीतही ऐकले आहे. हे सपशेल चूक आहे. १९६३ च्या मुदत कायद्यातली बारा वर्षे ही मालकाच्या हक्काला विरोध करून, उघडपणे कब्जा करणाऱ्यासाठी आहेत. किरायादार मालकाच्या परवानगीने राहतो. जो करार करून किराया देतो, त्याला त्या बिऱ्हाडात राहून मालकाचा हक्क नाकारताच येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आलेले तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तेव्हा धोका किरायादार ठेवण्यात नाही, तोंडी ठेवण्यात आहे. आणि आपण नेमके तेच करतो. करार नाही, पावती नाही, साक्षीदार नाही, आणि मग भीती वाटते म्हणून कुलूप!

अकरा महिन्यांच्या कराराचेही तसेच. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातले कलम ५५ सांगते की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही आणि तंटा झाला, तर अटींविषयी किरायादाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक उलटे सिद्ध करीत नाही. नोंदणीचे चार पैसे वाचवणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

आडनावाचा प्रश्न

आता जे लिहायचे आहे, ते लिहिताना हात जड होतो.

त्या जूनमध्ये ज्या मुलासोबत मी नागपुरात फिरत होतो, त्याला एका घरी मालकांनी विचारले, "गाव कोणते?" मुलगा म्हणाला, "खैरलांजी." मालक थबकले. "तेच का?" मी लगबगीने पुढे झालो आणि म्हणालो, "नाही, नाही. ते भंडारा जिल्ह्यातले, मोहाडी तालुक्यातले. आम्ही बालाघाटचे." मालकांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी मुलाचे आडनाव विचारले. आडनाव ऐकून, खोली कालच दुसऱ्याला दिल्याचे त्यांना आठवले.

परतीच्या बसमध्ये मला त्या मालकांपेक्षा माझाच राग अधिक आला. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या दुसऱ्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आमच्या गावाचे नाव तेच असल्यामुळे गेली कित्येक वर्षे आम्ही "आम्ही ते नव्हे" एवढे सांगून मोकळे होतो. पण आम्ही ते नव्हे, हे सिद्ध करायला जिल्ह्याचे नाव पुरत नाही. दार उघडावे लागते.

१९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी येऊन त्यांना बाहेर काढले, आणि ज्यांची विद्वत्ता पुढे देशाच्या राज्यघटनेला लागली, त्यांना बागेत बसून रडावे लागले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. आज लाठी नाही, गोड बोलणे आहे. "आमच्याकडे बॅचलर चालत नाही." "आमच्याकडे मांसाहार चालत नाही." "खोली कालच गेली." कायदाही इथे लंगडा आहे, खाजगी घर कोणाला द्यावे हे ठरवण्याच्या मालकाच्या मर्जीला तो फारसा हात लावीत नाही. म्हणून हा प्रश्न न्यायालयात सुटण्याआधी ओसरीवर सुटायला हवा. आणि ओसऱ्या आपल्या आहेत.

कुणी म्हणेल, ही शहराची रीत, गावाचा काय संबंध? संबंध असा. काही वर्षांपूर्वी माझ्या शाळेत गणिताच्या एक अतिथी शिक्षिका आल्या. हुशार, तळमळीच्या. गावातच राहून सकाळ-संध्याकाळ जादा वर्ग घेईन म्हणाल्या. महिनाभर त्यांनी आणि मी खोली शोधली. कुलूपबंद घरांच्या मालकांना मी स्वतः फोन केले. एकाने सांगितले, दिवाळीला येतो तेव्हा घर लागते. दुसऱ्याने विचारले, बाई एकट्याच का? तिसऱ्याने आडनाव विचारले. शेवटी बाई वारासिवनीहून अप-डाऊन करू लागल्या. बस चुकली की पहिला तास जाई. डिसेंबरात त्या सोडून गेल्या, आणि त्या वर्षीची दहावी शेवटचे तीन महिने गणिताच्या शिक्षकाविना बसली. निकाल लागल्यावर ज्यांनी शाळेवर ताशेरे झोडले, त्यांत त्या तीन घरमालकांपैकी दोघे होते. त्यांच्या नातेवाइकांची मुले त्याच वर्गात होती.

गुरुजी गावात राहत नाहीत, नर्सबाई रात्री सापडत नाहीत, पटवारी तहसिलीतून हलत नाही, ही आपली नेहमीची ओरड. त्यांनी राहावे कुठे? पिंपळाखाली?

दोन सरकारांच्या मध्ये

सरकारला मी सोडणार आहे, असे समजू नका. महाराष्ट्र सरकारने वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने स्वाधार योजना काढली. योजना स्तुत्य. नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला साठ हजार ठरले, पण त्यातला निवासाचा हिस्सा वीस हजार. बाराने भागा. महिना १,६६६ रुपये. साडेपाच हजारांच्या खोलीतला अर्धा वाटाही त्यात भागत नाही. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींवर निर्णय घेताना केंद्र सरकारने आपल्या सर्वांत लहान कर्मचाऱ्यासाठी नागपूरच्या दर्जाच्या शहरात घरभाडे भत्ता किमान ३,६०० रुपये ठरवला होता, तोही २०१७ साली. नोकरदाराच्या छपराला एक माप आणि विद्यार्थ्याच्या छपराला निम्म्याहून कमी, हे कोणत्या तराजूत बसते?

इकडे मध्य प्रदेशातही अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी आवास सहायता योजना आहे. संभागाच्या मोठ्या शहरात महिना दोन हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी साडेबाराशे, तहसिलीत हजार. हे दर राज्यातल्या गावांचे. आमच्या मुलांचा ओढा मात्र नदीपलीकडे. भोपाळ लांब, जबलपूर लांब, आणि तुमसर, तिरोडा, गोंदिया दारात. आजोळ तिकडचे, सोयरीक तिकडची, बाजार तिकडचा. मुलगा नागपूरला गेला की महाराष्ट्र म्हणतो, तू रहिवासी नाहीस. इकडचे कार्यालय म्हणते, तू राज्यात शिकत नाहीस. माणसाला पासपोर्ट लागतो असे मी वर म्हटले, ते यासाठी. १९५६ साली सीमा आखणाऱ्यांनी नदीच्या दोन काठांवर दोन पाट्या लावल्या. त्यांतल्या एकाही पाटीवर आमच्या मुलाच्या खोलीचा पत्ता नाही. दोन्ही सरकारांनी बसून सीमावर्ती तहसिलींतल्या विद्यार्थ्यांपुरता हा तिढा सोडवावा; मुलगा ज्या राज्याचा, त्या राज्याने त्याची मदत सीमेपलीकडेही चालू ठेवावी. एवढ्यासाठी नवे राज्य मागावे लागत नाही. एक शासन निर्णय पुरतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांहून अधिक डिपॉझिट घेऊ नये, करार लेखी असावा, मालकाने घरात येण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवावे, पाणी-वीज तोडू नये, आणि मुदत संपूनही न हलणाऱ्या किरायादाराने पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट किराया द्यावा, अशा दोन्ही बाजूंना न्याय देणाऱ्या तरतुदी आहेत. पण आदर्श कायदा म्हणजे नमुना. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कोणाला बांधत नाही. मी विचारतो, राज्याची वाट कशाला पाहायची? दोन सज्जन माणसांना हेच कलम करारात स्वतः लिहून घ्यायला कोण अडवते?

करायचे काय

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मुले घर खराब करतात. करतात. म्हणून दोन महिन्यांचे डिपॉझिट असते, पंखे-नळ-खिडक्यांची यादी कराराला जोडता येते. आणि विद्यार्थी हा सर्वांत निर्धोक किरायादार. परीक्षा झाली की तो आपणहून जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आमच्यासारख्यांनी दहा-वीस कुलपे काढल्याने नागपूरचा किराया उतरणार आहे काय? नाही उतरणार. मी तसा दावा करीत नाही. नागपूरचा किराया नागपूरच्या जमिनीवर आणि सरकारने बांधलेल्या, न बांधलेल्या वसतिगृहांवर ठरेल. पण ज्या दोन मुलांना ती खोली मिळेल, त्यांच्या बापांचा अर्धा-अर्धा एकर वाचेल. आणि आमच्या तहसिलीत तर दहा कुलपे निघाली तरी दहा शिक्षक गावात राहतील. एवढ्याने चालेल मला.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. शहरात ज्यांचे घर बंद आहे, त्यांनी ते नोंदणीकृत करार करून, डिपॉझिट दोन महिन्यांचेच घेऊन, दर महिन्याला पावती देऊन उघडावे. गावात ज्यांचे घर बंद आहे, त्यांनी दिवाळीपुरती एक खोली स्वतःला ठेवावी आणि उरलेली शिक्षकाला, नर्सला द्यावी. ग्रामपंचायतीने अशा घरांची यादी फळ्यावर लावावी. आणि खोली पाहायला आलेल्या माणसाला गाव विचारा, काम विचारा, ओळखपत्र मागा. आडनावावरून निवाडा करू नका.

माझे म्हणाल तर २०२१ साली मी पुतण्याला किल्ली दिली. तो शिकून गेला. २०२३ पासून तिथे आमच्याच जिल्ह्यातल्या दोन मुली राहतात, दोघी परिचारिकेचे शिक्षण घेतात. करार नोंदवला आहे. किराया बाजारापेक्षा थोडा कमी आहे, दान म्हणून नव्हे. दर पाच तारखेला न मागता येतो आणि भिंतीला ओल आली की त्यांचा फोन येतो, याचे मोल मी त्यात धरले आहे. भिंतींना दोन खिळे जास्त झाले आहेत. माझी मुलगी आता स्वतः शिकायला निघेल, तेव्हा ती त्यांच्यासोबत तिसरी म्हणून राहील, असे तिनेच ठरवले आहे.

या दिवाळीत मी पुन्हा गल्लीत फेरी मारणार आहे. त्या सहा घरांपैकी एकाच्या मालकाने आषाढात फोन करून विचारले होते, "सर, ते करारपत्र कसे लिहायचे?" मी मसुदा पाठवला आहे. अजून उत्तर नाही. ज्या वाचकांना मसुदा हवा असेल त्यांनी कळवावे, आणि माझ्या धानाच्या हिशेबात कुणाला चूक दिसली तर तीही अवश्य कळवावी.